विकास योजनेत परवडणारी घरं मागायची तर नेमकं काय मागायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातलं एक महापालिका शहर, वस्ती पाच-सहा लाख. सुधारित विकास योजनेचं, म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या आराखड्याचं, प्रारूप प्रसिद्ध होण्याच्या बेतात आहे. नव्या इमारतींत टू आणि थ्री बीएचके सोडून काही दिसत नाही. घरकाम, दुकानं, वर्कशॉप यांवर पोट असलेली कुटुंबं शहराच्या कडेच्या गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीविना पाडलेल्या गुंठ्या-गुंठ्याच्या प्लॉटांवरच्या वस्त्यांत, सरकत चालली आहेत. पत्र लिहिणाऱ्या नागरिकांच्या गटाचे दोन प्रश्न आहेत: योजनेत परवडणाऱ्या घरांसाठी किती टक्के मागावेत, आणि अशी अट घातली की बाकीच्यांची घरं महागतात हे बिल्डरांचं म्हणणं कितपत खरं?

टक्का सगळ्यात शेवटी ठरवा. नगररचनेच्या नोकरीत टक्क्यांवरून रंगलेल्या बैठका मी पुष्कळ पाहिल्या. १५ की २० यावर तास जातात, आणि घरं प्रत्यक्ष मिळणार की नाही हे ज्या वाक्यांवर ठरतं ती शेवटच्या पाच मिनिटांत 'पूर्वीप्रमाणे' म्हणून मंजूर होतात. एक भूखंड कशाला म्हणायचं, घराचं माप कसं धरायचं आणि भोगवटा दाखला (इमारत राहायला खुली करणारा) कोणत्या क्रमानं द्यायचा, या तीन गोष्टींबद्दलची ती वाक्यं. तुमची ताकद तिथे लावा.

पण आधी महापालिकेच्या हातात काय आहे ते नीट समजून घ्या, नाहीतर चुकीच्या दारात उभं राहाल. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच नियमावली आहे: एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, बोलीभाषेत यूडीसीपीआर. ज्याला सगळे 'वीस टक्क्यांची योजना' म्हणतात ती यातलीच, आली मात्र आधी, नोव्हेंबर २०१३ मध्ये. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर गृहप्रकल्प करायचा असेल तर मूळ एफएसआयच्या (जमिनीच्या क्षेत्रफळावर मंजूर होणाऱ्या बांधकामाच्या) २० टक्के क्षेत्र ३० ते ५० चौरस मीटरच्या घरांसाठी द्यायचं. नुसते प्लॉट पाडून विकायचे असतील तर २० टक्के जमिनीत तेवढ्याच मापाचे छोटे प्लॉट काढायचे. ही घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात आणि त्यांची किंमत रेडी रेकनरमधला (सरकारी दरपत्रकातला) बांधकामाचा दर अधिक २५ टक्के अशी धरली जाते. जमिनीची किंमत त्यात नसते, आणि घर स्वस्त पडतं ते त्यामुळेच.

मात्र नियम आला तेव्हा त्याला अट होती शहराची लोकसंख्या १० लाख किंवा अधिक असण्याची, तीही शेवटच्या जनगणनेनुसार. शेवटची जनगणना म्हणजे २०११. त्या मोजणीत सोलापूर ९ लाख ५१ हजारांवर होतं, म्हणजे पन्नासेक हजार माणसांनी चुकलं. त्यानंतरची जनगणना झालेलीच नसल्यानं, तेव्हा दहा लाखांच्या आत होतं आणि आता पलीकडे गेलंय अशा कुठल्याही शहराला ती वाढ या नियमापुरती सिद्धच करता येत नाही. तुमचं शहर तर बरंच मागे. यूडीसीपीआर बदलायचा अधिकार राज्य सरकारचा. महापालिका महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव पाठवू शकते, पण एका शहरासाठी वेगळा नियम मागणारा प्रस्ताव मंत्रालयात कसा पडून राहतो हे तुम्हालाही माहीत असेल. तो पाठवायला लावाच, फक्त त्याच्यावर विसंबू नका.

हातात उरतं ते जमिनीचं नियोजन, आणि ते कमी नाही. विकास योजनेत सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आरक्षण टाकता येतं. संपादनाला पैसे नाहीत हे उत्तर ठरलेलं असतं, आणि खरंही असतं. १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही की आरक्षण जातं. म्हणून संपादनाच्या भरवशावरचं आरक्षण मागू नका. मालकानं स्वतः बांधून ठरलेला हिस्सा महापालिकेला फुकट द्यायचा आणि बदल्यात उरलेल्या जागेवर पूर्ण क्षमतेनं स्वतःचं बांधकाम करायचं, या धर्तीचं, म्हणजे समावेशक पद्धतीनं विकसित होणारं आरक्षण मागा. त्याला पैसा लागत नाही, पाठपुरावा लागतो.

दुसरी वाट नगररचना परियोजनेची, टीपी स्कीमची. सर्वांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते-बागा काढून, प्रत्येकाला आकारानं लहान पण सरळ प्लॉट परत द्यायचा. त्याच अधिनियमाच्या कलम ६४ मध्ये अशा योजनेतली १० टक्क्यांपर्यंत जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. बागायती पट्ट्यातून निवासी झोनमध्ये येणारी सगळी नवी जमीन टीपी स्कीममधूनच विकसित व्हावी, अशी एक ओळ तुम्ही योजनेच्या अहवालात घालून घेऊ शकलात तर ते २० टक्क्यांच्या नियमापेक्षा मोठं काम होईल, कारण तिथे जमीन हातात येते आणि कुठली ते आधीच नकाशावर दिसतं. मला निवड करायला सांगितली तर मी सगळा जोर याच एका मागणीवर लावीन.

आता 'परवडणारं' म्हणजे कुणाला? या शब्दाच्या सरकारी व्याख्या एकमेकींना ओळखतही नाहीत. जीएसटीच्या लेखी ४५ लाखांच्या आतलं घर परवडणारं, मुंबई महानगरात ६० आणि पुणे-नाशिकसारख्या शहरांत ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंत. २०१९ पासून त्यावर एक टक्का कर आहे. म्हाडाच्या लेखी माप उत्पन्नाचं: महानगर प्रदेश आणि दहा लाखांवरची शहरं सोडून इतरत्र वर्षाला साडेचार लाखांपर्यंत अत्यल्प गट, साडेसात लाखांपर्यंत अल्प गट. यूडीसीपीआरला फक्त चौरस मीटर कळतात. बिल्डरच्या माहितीपत्रकातला 'अफोर्डेबल' हा जीएसटीवाला असतो, हे लक्षात ठेवा.

तुम्ही स्वतः हिशेब मांडा, फार अवघड नाही. समजा रेडी रेकनरचा बांधकाम दर २७,००० रुपये चौरस मीटर आहे. ४० मीटरचं घर १० लाख ८० हजारांना पडतं, वर २५ टक्के धरून साडेतेरा लाख. दहा टक्के पदरचे घातले तर १२ लाख १५ हजारांचं कर्ज. नऊ टक्के व्याजानं २० वर्षांसाठी लाखामागे हप्ता साधारण ९०० रुपये, म्हणजे महिन्याला ११ हजारांच्या आसपास. उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत हप्ता झेपतो असं धरलं तर घरात महिन्याला ३६ हजार यायला हवेत. दोघं कमावती असलेली कारकून, ड्रायव्हर, नर्स, छोटा दुकानदार अशी कुटुंबं यात बसतात. त्यांनाही घर हवंच आहे, आणि आज बाजारात त्यांच्यासाठी काही नाही. पण महिन्याला २० हजारांत संसार करणारं कुटुंब सहा हजारांचा हप्ता भरू शकतं, म्हणजे जेमतेम साडेसहा लाखांचं कर्ज. पंतप्रधान आवास योजनेचे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळवले तरी नऊ-सव्वानऊ. तुमच्या पत्रातल्या घरकाम करणाऱ्या बाईंचा प्रश्न २० टक्क्यांच्या नियमानं सुटत नाही. तो नियम त्यांच्या वरच्या पायरीसाठी आहे. दोघांच्या नावानं एकच मागणी केली की मिळालेलं घर वरच्या पायरीवरच्यालाच जातं, आणि खालच्यांच्या नावाचा आकडा अहवालात फुगतो.

टंचाई म्हणजे काय हेही यातच आलं. २०१२ साली केंद्राच्या तांत्रिक गटानं देशाच्या शहरांतली घरांची कमतरता १ कोटी ८७ लाख ८० हजार एवढी काढली होती. त्यातली सुमारे ८० टक्के, म्हणजे दीड कोटीच्या घरात, दाटीवाटीची होती: एका खोलीत आईवडील, थोरला आणि नवं लग्न झालेला धाकटा. त्याच सुमारास २०११ च्या जनगणनेत शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांवर घरं रिकामी सापडली. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच तुमचा विषय. घरं कमी नाहीत, चुकीच्या मापाची आणि चुकीच्या भावाची आहेत. म्हणून योजनेसाठी गरजेची पाहणी करायला लावाल तेव्हा 'घर आहे का' एवढंच विचारू नका. एका खोलीत किती जोडपी झोपतात ते विचारा.

इथून घरांच्या मिश्रणाकडे येऊ. टक्का आणि मिश्रण या दोन गोष्टी आहेत. टक्का सोडतीच्या घरांपुरता. मिश्रण म्हणजे खुल्या बाजारातल्या उरलेल्या ८० टक्क्यांत कोणत्या मापाची घरं. तिथे आपल्याकडे कुणाचं लक्षच नसतं. अमुक टक्के वन बीएचके बांधा असा हुकूम काढला तर बिल्डर मोठे वन बीएचके बांधतो, ६५ मीटरचे, आणि दोन वर्षांत हॉलला पार्टिशन पडतं. त्यापेक्षा हेक्टरी किमान सदनिकांची अट हे साधन फार सोपं. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत ते वर्षानुवर्षं वापरलं गेलंय, हेक्टरी किमान ५०० सदनिका असं. तिथे हेतू वेगळा होता, पण गणित तेच: ठरलेल्या एफएसआयमध्ये घरांची किमान संख्या ठरवून दिली की सरासरी माप आपोआप खाली येतं, आणि कुणाला काय विकायचं यात महापालिकेला नाक खुपसावं लागत नाही. स्टेशन, बसस्थानक, एमआयडीसी आणि मोठं रुग्णालय यांच्या आसपासच्या पट्ट्यांसाठी अशी अट मागा, सगळ्या शहरासाठी नको. नदीकाठच्या बंगल्यांच्या कॉलनीत ती घालून भांडण विकत घेण्यात अर्थ नाही.

माप चुकवण्याचा एक प्रकार नकाशावरच पकडता येतो, म्हणून सविस्तर सांगतो. मंजुरीच्या नकाशात एका मजल्यावर ४५-४५ मीटरची दोन घरं पाठीला पाठ लावून दाखवलेली असतात. क्षेत्रफळाचा तक्ता चोख. पण दोघांची दिवाणखान्याची भिंत सामाईक, एकाच्या स्वयंपाकघरात ओटा आहे आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघराला खिडकीच एवढी मोठी की ती उघडउघड बेडरूम होणार. मग काम चालू असताना साइटवर जा आणि त्या सामाईक भिंतीकडे पाहा. नऊ इंची बाहेरच्या भिंतींत नसेल एवढा व्यवस्थित लिंटेल (दाराच्या वरची आडवी तुळई) या चार-पाच इंची भिंतीत, सात फुटांवर, तीन फूट रुंदीचा टाकलेला दिसेल. जिथे दार नाही तिथे लिंटेल कशाला? दोन्ही घरं एकालाच विकून भोगवटा दाखल्यानंतर आठवड्याभरात विटा काढायच्या, म्हणून. जोडफ्लॅट. सोडतीच्या घरांचं असं एकत्रीकरण नियमानंच बंद आहे. खुल्या विक्रीच्या लहान घरांनाही, निदान किमान संख्येच्या अटीत मोजलेल्यांना, ते बंद करावं आणि जोते (पाया) तपासणीनंतर प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला कनिष्ठ अभियंत्यानं सामाईक भिंतीचा फोटो फाइलला लावावा, एवढी सूचना द्या. खर्च शून्य.

आता ज्या वाक्यांबद्दल सुरुवातीला म्हटलं ती. मापाचं आत्ताच झालं, उरली दोन. भूखंड कशाला म्हणायचं हे पहिलं. ४,००० चौरस मीटर म्हणजे एकराला थोडंसं कमी. एकरात ४० गुंठे, गुंठा १०१ मीटरचा. ३९ गुंठ्यांचा तुकडा भरतो ३,९४५ मीटर. नियम आल्यावर ३९ गुंठ्यांचे तुकडे एकाएकी का वाढतात, याला संशोधनाची गरज नाही. वाटणीपत्र होतं, मोजणी होते, एकाच गटाचे तीन सातबारे निघतात, तीन भागीदारी संस्था तीन परवानग्या घेतात आणि तिन्ही इमारतींना फाटक एकच असतं. नाशिकमध्ये २०२२ साली याच २० टक्क्यांच्या घरांवरून विधिमंडळात गदारोळ झाला तेव्हा आरोप नेमका हाच होता: मर्यादेच्या आत बसतील असे तुकडे पाडले गेले. उपाय भाषेतला आहे. 'भूखंड' न म्हणता 'योजनेचं प्रारूप प्रसिद्ध झाल्याच्या तारखेला अस्तित्वात असलेला गट, आणि त्याच्याशी सामाईक रस्ता वा सामाईक सुविधा असलेली लगतची जमीन' असं म्हणा. कुटुंबातली खरी वाटणी यात अडकते अशी तक्रार येईल, ती रास्तही आहे. तिच्यासाठी मर्यादेखाली एकदम शून्य न ठेवता उतरती पायरी ठेवा: एका एकराला २०, अर्ध्या एकराला ५, त्याखाली काही नाही. जिथे २० वरून एकदम शून्यावर येता येतं तिथे प्रत्येकजण तुकडे पाडणार.

दुसरं वाक्य भोगवटा दाखल्याचं. लहान घरांचा दाखला निघेपर्यंत बाकीच्यांचा देऊ नये असं यूडीसीपीआरमध्ये आहे. वाचायला छान वाटतं. पण प्रकल्प टप्प्याटप्प्यानं होतो, अंशतः भोगवटा मिळतो, आणि लहान घरांची इमारत कायम शेवटच्या टप्प्यात, प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात, नाल्याच्या बाजूला असते. शेवटचा टप्पा कधी येतच नाही. तोवर पहिल्या तीन इमारतींत चारशे कुटुंबं राहायला आलेली असतात, आणि चारशे कुटुंबांचं पाणी तोडण्याची हिंमत कुठल्याही आयुक्तात नसते. त्यामुळे अट टप्प्यांशी बांधा. विक्रीच्या बांधकामापैकी अर्ध्याला भोगवटा मागितला की लहान घरांपैकी निदान अर्धी तयार असलीच पाहिजेत, आणि त्यांची इमारत कोणत्या टप्प्यात आहे हे बांधकाम परवानगीच्या नकाशावरच लिहिलेलं असलं पाहिजे. सुधारित मंजुरी घेताना ती मागे ढकलता येणार नाही, हेही त्यातच.

दुसऱ्या ठिकाणी बांधून देतो, किंवा पैसे भरतो, असा पर्याय पुढे येईल. पैशाला मी सरसकट नाही म्हणेन. पैसे महापालिकेच्या तिजोरीत जातात आणि तिथून रस्त्याच्या डांबरात. दुसऱ्या जागेबद्दल एवढा कडक नाही, जागा त्याच प्रभागात असेल आणि शाळा-बस चालत गाठता येत असेल तर. ठिकाणाचं महत्त्व किती ते म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतींत दिसतं. ठाणे-कल्याणच्या खासगी प्रकल्पांतल्या २० टक्क्यांच्या घरांवर अर्जांच्या उड्या पडतात, आणि त्याच मंडळानं विरार-बोळींजला बांधलेली हजारो घरं पाणी आणि अंतरामुळे वर्षानुवर्षं पडून राहिली, 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' अशी जाहिरात करूनही. घर तेच, मंडळ तेच.

उलट बाजूही सांगायला हवी. सोलापुरात विडी कामगारांनी संघटनेच्या जोरावर आधी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली, मग शहराजवळच्या कुंभारीला ३० हजार घरांचं रे नगर. त्यातल्या पहिल्या १५ हजारांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. शहराबाहेर, एकाच उत्पन्नगटाची एवढी मोठी वसाहत आमच्या पुस्तकात बसत नाही. पण विडी वळण्याचं काम घरी बसून होतं, कामाची जागा घरातच, त्यामुळे अंतराचा काच तेवढा बसला नाही, आणि यादी सोडतीतून न येता संघटनेतून आली. तुमच्या शहरात एखादा असा एकसंध कामगारवर्ग असेल तर मिश्रणाचा आग्रह बाजूला ठेवून जमीन मिळवून द्या. नसेल तर मात्र मोठी वेगळी वसाहत टाळा.

बिल्डरांच्या म्हणण्याकडे वळतो. फ्लॅटचा भाव बांधकामाचा खर्च अधिक नफा असा ठरत नाही, शेजारच्या फ्लॅटला काय भाव मिळतो त्यावर ठरतो. अट घातली म्हणून गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला तयार होत नाही. कमी होतो तो आकडा बिल्डर जमीनमालकाला किती देऊ शकतो याचा. अट आधीपासून माहीत असेल, सगळ्यांना सारखी असेल, तर ती जमिनीच्या भावात मुरते. जमीनमालकाला थोडं कमी मिळतं, आणि त्याच्या शेतावर निवासी झोनचा पिवळा रंग भरून महापालिकेनंच त्याला जे मिळवून दिलं त्यातूनच ते जातं. एवढ्यापुरतं बिल्डरांचं म्हणणं खोटं. पण ज्यानं जुन्या नियमाच्या हिशेबानं कालच जमीन घेतली, त्याच्या गळ्याला खरंच फास बसतो. तो प्रकल्प थांबवतो आणि पुरवठा आटतो. म्हणून अट लागू होण्याआधी दीड-दोन वर्षांचा अवधी द्या, तारीख ठरवून. आणि जिथे बाजारच मंद आहे, फ्लॅटचा भाव बांधकामखर्चाच्या जेमतेम वर आहे, त्या भागात अट घालू नका. तिथे ती घरंही मिळवून देणार नाही आणि जमिनीही पडीक ठेवील.

प्रकल्पागणिक वाटाघाटी मात्र कधीही मान्य करू नका. इंग्लंडमध्ये १९९० च्या नगरनियोजन कायद्यातल्या कलम १०६ खाली विकासकाशी करार करून अशी घरं घेतात. तिथे विकासक 'परवडत नाही' असा अहवाल आणतो, महापालिका त्यावर दुसरा सल्लागार नेमते, आणि टक्का दरवेळी खाली घसरतो. लंडननं २०१७ मध्ये यावर तोडगा काढला तो असा: ३५ टक्के विनाअट देणाऱ्याला तो अहवालच माफ, फाइल झटपट पुढे. आपल्याकडे फाइल लवकर सरकण्याची किंमत तर त्याहून जास्त आहे. हे सवलतीचं गाजर एफएसआय वाढवण्यापेक्षा शहराला फार स्वस्तात पडतं.

एक गोष्ट जवळजवळ सगळ्या धोरणांतून सुटते, ती म्हणजे ताब्यानंतरचा मासिक खर्च. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क प्रत्येक सदनिकेला सारखं असतं, घर ३० मीटरचं असो की १३०. लिफ्ट, सुरक्षारक्षक, क्लबहाउसचा दिवा, पोहण्याच्या तलावाचं क्लोरीन, सगळं समान वाटून. सोडतीत घर लागलेलं कुटुंब हप्ता भरतं आणि देखभालीच्या बिलानं बेजार होतं. पाच वर्षं घर विकता येत नाही, म्हणून ते नोटरीवर दुसऱ्याला 'चालवायला' दिलं जातं. अपार्टमेंट कायद्याखाली नोंदणी झाली तर वाटा क्षेत्रफळाच्या प्रमाणात पडतो. माझं मत असं की लहान घरांची इमारत वेगळी, जिना आणि संस्था वेगळी असायला हरकत नाही. कित्येकदा तेच त्यांच्या फायद्याचं असतं. वेगळं असू नये ते मोकळं मैदान, रस्ता आणि मुख्य फाटक. मागच्या गल्लीतून वेगळं फाटक काढलेला नकाशा दिसला की हरकत घ्या.

आणि भाड्याचं काय? महिना २० हजारांच्या कुटुंबाला, शिकायला आलेल्या पोरांना, बदलीवरच्या कामगाराला विकतचं घर नकोच असतं. मुंबई महानगरात २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या खोल्यांची योजना आली. पुढे त्यातल्या कित्येक ठिकाणी दोन-दोन खोल्या जोडून ३२० फुटांची घरं करून वाटली गेली. सरकार घरमालक म्हणून टिकत नाही, हा यातला धडा. महापालिकेच्या जागेवर बांधून चालवायला देताना एखादी सहकारी संस्था, विश्वस्त संस्था किंवा कारखान्यांचा गट शोधा, आणि मालमत्ता करात कायमची सवलत द्या.

तुमच्या शहरातली खरी परवडणारी घरं मात्र आज उभी आहेत, आणि तुम्ही त्यांना समस्या म्हणून लिहिलंय: गुंठेवारी. कर्ज न काढता, एक खोली, मग वर पत्रा, मग स्लॅब, अशी वाढलेली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत आणली. तरी नियमितीकरणाचे अर्ज कमीच येतात, कारण शुल्क एकरकमी आणि बदल्यात मिळतो फक्त कागद. सुधारित योजनेत अशा वस्त्यांवरून सहज हात फिरवून १२ किंवा १५ मीटरचे रस्ते काढलेले असतात, नकाशा हिरवा-पिवळा सुबक दिसावा म्हणून. त्या एका रेषेत जेवढी घरं जातात तेवढी २० टक्क्यांच्या नियमातून दहा वर्षांत मिळत नाहीत. म्हणून प्रारूपाचा नकाशा हातात आला की आरक्षणं नंतर पाहा. आधी गुंठेवारी, गावठाण आणि जुन्या चाळींवरून जाणारे प्रस्तावित रस्ते पाहा. हरकतींतली पहिली हरकत त्यांच्यावर असू द्या.

हरकत देताना गट क्रमांक, नकाशाचा शीट क्रमांक आणि पर्यायी आखणीचं साधं रेखाचित्र जोडा. सुनावणी नियोजन समितीपुढे होते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारनं नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. एकाला पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. एकाच मजकुराच्या हजार हरकती दिल्या तर त्या एक धरून निकालात काढतात. पन्नास वेगवेगळ्या, प्रत्येक आपापल्या गटाची, अशा द्या. आणि समितीनं मान्य केलं म्हणून घरी बसू नका. योजना पुढे सरकारकडे जाते, तिथे काही भाग वगळून मंजुरी मिळते आणि वगळलेल्या भागातले ठळक बदल, ज्यांना खात्यात ईपी (एक्सक्लूडेड पार्ट) म्हणतात, पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध होतात. घरांसाठीची आरक्षणं उडतात ती बहुधा या यादीत. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, महापालिकेच्या फलकावर लागेलच असं नाही. गटातल्या एकाकडे दर आठवड्याला राजपत्र पाहायचं काम आजच सोपवा, आणि त्याच्याजवळ तुमच्या सगळ्या गट क्रमांकांची यादी असू द्या.